सोमवारची गाडी

अंडरपासमध्ये पुढची बस थांबली म्हणून लतिकाने ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थरथरायला लागली. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा खाली गेला, धडपडत वर आला, पुन्हा खाली गेला. मग बॉनेटच्या आत कुणीतरी खाकरावं तसा आवाज झाला आणि सगळं शांत. स्टीअरिंग तिच्या हातात दगडासारखं जड झालं.

"बंद पडली?" मागच्या सीटवरून जयंतने विचारलं. एकावर एक दोन मास्क लावलेले, त्यामुळे त्याचा आवाज हल्ली नेहमी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा.

"हो. थांबा, लावते."

किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, पण धरेना. बस निघून गेली. मागच्या ट्रकला निघता येईना, म्हणून त्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. आरशात ट्रकचं नाक इतकं जवळ होतं की त्यावर बांधलेला काळा गोंडा सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. काचा बंद होत्या, पण त्या भुयारात धुराशिवाय श्वास घ्यायला होतंच काय? मागे जयंतने रुमाल काढून मास्कवर दाबून धरला. त्या दाबलेल्या रुमालाचीच तिला जास्त भीती वाटली.

तिच्या तोंडात देवाचं नाव आलं. कीर्तनाच्या शेवटी सगळे मिळून घेतात तसं मोकळ्या गळ्याने नाही; दातांच्या मागे, भराभरा, एकात एक अडकत. किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा. मग कधीतरी इंजिन लागलं, पण असं लागलं की आख्खी गाडी तापाने भरलेल्या माणसासारखी हुडहुडत होती. लतिकाने रेस सोडलीच नाही. सिग्नलला ब्रेकवर एक पाय, रेसवर दुसरा, असं करत करत तिने दिल्लीच्या द्वारकेतली सोसायटी गाठली.

घरी आल्यावर तिने आधी त्याला वाफ दिली, चहा दिला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भुयारातली काजळी उतरेपर्यंत हात-तोंड धूत राहिली.

जयंतच्या पोटात आता लतिकाची किडनी होती. मे महिन्यात बसवली. कीर्तनमंडळातल्या बायका कौतुक करायच्या तेव्हा ती म्हणायची, "किडनी काय, एकदाच दिली. जेवायला रोज द्यावं लागतं." दोन-तीन महिने सगळं नीट चाललं. ऑगस्टमध्ये एकदा गाडी सर्व्हिसिंगला दिली होती म्हणून ती दोघं टॅक्सीने हॉस्पिटलात गेली. चालक बिचारा सगळा रस्ता खोकत होता. आठवड्याच्या आत जयंत आयसीयूत. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, मेट्रो नाही, टॅक्सी नाही. आपल्या गाडीतून यायचं, आपल्याच गाडीतून जायचं.

आणि आज, गुरुवारी, किडनीची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा पुन्हा थोडा वर गेला होता. "सोमवारी सकाळची गोळी न घेता या," डॉक्टर म्हणाले होते. "रक्त पुन्हा बघू, सोनोग्राफी करू. तशीच गरज वाटली तर ठेवून घेऊ." हे ऐकून गाडीत बसले आणि घरी येताना गाडीनेच अंडरपासमध्ये मान टाकली.

म्हणजे सोमवारी गाडी चालायला हवी. बस, एवढंच. पण एवढंच कुठून आणायचं?

नेहमीचा गॅरेजवाला शंभू छठसाठी, नदीत सूर्याला अर्घ्य द्यायच्या सणाला, गावी गेला होता. तो एकटा नाही, त्या गल्लीतले सगळेच मिस्त्री गेले होते, सगळी शटरं खाली. लतिकाने फोन केला तर मागे नदीकाठचा गलका ऐकू येत होता. "भाभीजी, मिसिंग मार रही होगी," शंभू म्हणाला, "एक सिलिंडर काम नहीं कर रहा. अर्घ्य हो जाए, फिर आता हूँ. आप हाईवे पे मत ले जाना." कंपनीच्या वर्कशॉपने पुढच्या आठवड्यानंतरची तारीख दिली. शेजारपाजारी मागायला गाड्या होत्या, लोक द्यायलाही तयार होते. पण दिवाळीनंतरच्या त्या हवेत न खोकणारं घर सापडेना. खालच्या मजल्यावरच्या भल्या गृहस्थाने किल्ली हातात घेऊनच दार उघडलं आणि दारातच दोनदा शिंकला. लतिका "नको, नको, झाली सोय" म्हणत जिना चढून परत आली.

रविवारी सकाळी जयंत म्हणाला, "आपणच बघू."

"आपण म्हणजे कोण? तुम्ही खाली येणार नाही आहात."

"मी वरून सांगतो. तू हात चालव."

तिने हैदराबादला इशिताला व्हिडिओ कॉल लावला, वाटलं लेक तरी बापाला आवरेल. इशिता दात घासत होती.

"आई, क्या यार. इंजिन उघडणार तुम्ही? बाबांनी घरात कधी बल्ब तरी बदललाय?"

"बदललाय," जयंत म्हणाला. "तेव्हा सगळ्या मजल्याचा फ्यूज उडाला होता."

"तेच म्हणतेय मी." तिने चूळ भरली आणि परत आली तेव्हा तिचा आवाज खाली उतरला होता. "बाबा, नंबर किती वाढलाय? खरं सांगा. आई नेहमी थोडं कमी करून सांगते."

जयंतने सांगितलं. पलीकडे तिने नळ बंद केला.

"मग बघा," इशिता म्हणाली. "पण इंजिन बंद करूनच कुठल्याही वायरला हात लावायचा, आई. कॉइलमध्ये बहोत वोल्टेज असतं. ओढणी घालून जाऊ नको. केस बांध. फॅन कधीही फिरतो. आणि पहिले सगळ्याचे फोटो काढ."

ती खाली गेली. गाडी बरोबर बाल्कनीखाली लागलेली, छोटी, पांढरी, बारा वर्षांची. हवा अशी की समोरच्या टॉवरचे वरचे मजले कुणी पुसून टाकल्यासारखे वाटत होते. बॉनेट उघडताना तिला वाटलं, आपण देवघरातली बंद पेटी उघडतोय, आत काय निघेल कोण जाणे. वरचं प्लास्टिकचं झाकण काढल्यावर इंजिनावर प्लगला वीज देणाऱ्या चार काळ्या कॉइल ओळीने बसलेल्या दिसल्या. प्रत्येक कॉइलखाली एक प्लग, प्रत्येक प्लगखाली एक सिलिंडर, एवढं तिला जयंतने कागदावर काढून दाखवलं होतं.

पद्धत साधी होती. एका कॉइलची वायर काढायची, गाडी सुरू करायची, ऐकायचं. वायर काढल्यावर गाडी आणखी वाईट चालली तर तो सिलिंडर चांगला होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आधीपासून मेलेला.

गाडी सुरू करून तिने वर जयंतला फोन लावला आणि तो इंजिनाजवळ धरला. "ऐकू येतंय?"

"काही नाही. फक्त तुझा श्वास."

"अहो, एवढा धडधडाट चाललाय."

"फोन त्याला गोंगाट समजून गाळून टाकतोय. तुझं बोलणं आलं की येतं, इंजिन येत नाही."

तिने वर पाहिलं. कबुतरांच्या जाळीमागे, काचेच्या आत, जयंत उभा होता. त्याचा हात खिडकीच्या कडीकडे गेला.

"उघडू नका," ती फोनमध्ये म्हणाली.

"थोडीशी फट."

"जयंत, खिडकी उघडू नका." नवऱ्याला नावाने हाक तिने चारचौघांत कधी मारली नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मारली.

त्याने हात मागे घेतला. मग थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, सावकाश. "बरं. मग तू ऐक. मंडळात माझ्या मागे बसून इतकी वर्षं झांज धरतेस. गेल्या वर्षीच्या नवरात्रात मी तबल्यावर एक मात्रा खाल्ली तर हेमलताताईंच्या आधी तूच डोळे वटारलेस. तुला चुकलेलं ऐकू येतं लतिका, मला नाही."

हेमलताताई म्हणजे मंडळाच्या कीर्तनकार. पूर्वरंगात त्या समजावून सांगत आणि उत्तररंगात गोष्ट सांगत, आणि दोन्हींत तबला जयंतचा असे. आजारपणात तबला गेला, लतिकाचं मात्र कीर्तन सुटलं नव्हतं. भीती वाटली की ताईंचं एक वाक्य तिला आठवायचं: नाव घ्यायला तोंड लागतं, हात मोकळेच असतात. तिने गाडी बंद केली, तोंडाने नाव धरलं आणि मोकळ्या हातांनी पहिली वायर काढली.

किल्ली. गाडी धड लागेचना. लागली ती अशी हेलकावे खात की हेडलाइटची काच खडखडली आणि बंद पडली. म्हणजे पहिला चांगला. वायर परत बसवली, टक् आवाज येईपर्यंत. दुसरी काढली. तेच, त्याहून वाईट. वर काचेवर जयंतचा तळवा टेकलेला दिसला. तिसरी काढताना तिची बोटं घामाने निसटली. किल्ली फिरवली आणि ती तशीच वाकून ऐकत राहिली.

इंजिनाचे ठोके एकेक करून मोजता येत नाहीत, फार जलद असतात ते. पण लंगडणं कळतं. लंगडत होतं, लंगडतच होतं, जसंच्या तसं. वायर असताना जसं, नसताना तसं.

"तिसरा," ती म्हणाली. "तिसरा बोलतच नाहीये."

"नक्की?"

"तुम्ही मात्रा खाता तेव्हा नक्की असतं ना? तसं."

"म्हणजे तीनवर चालतेय बिचारी."

"चालू दे. मी एकावर चालतेच आहे."

तो हसला. हसताना त्याला खोकला आला. ती वर बघत राहिली. खोकला एकच होता. पुढे आला नाही.

"पाणी प्या," ती म्हणाली, आणि गाडी बंद करून दहा नंबरचा पाना घेतला.

कॉइल एका बोल्टवर असते. तो निघाला, पण कॉइल वर येईना. चिकटली होती. तिने हलवली, पिळली, देवाची क्षमा मागितली आणि ओढली, तेव्हा ती चुळुक्क असा ओला आवाज करत सुटली. कॉइलच्या खालच्या लांब रबरी नळीवर तांबूस चिकट थर होता, आणि त्या थरातून नखाने ओढल्यासारखी एक पांढरी जळकी रेघ खालपर्यंत गेलेली. इशिताने पाठवलेल्या व्हिडिओत अशीच रेघ होती. प्लगपर्यंत जायची ठिणगी वाटेत ओल्यावरून बाहेर पळते, तिच्या पळण्याची वाट.

पण ओल आली कुठून? महिनाभर पाऊस नाही. इंजिन कुणी धुतलं नाही.

तिने फोनचा दिवा लावून त्या खोल भोकात डोकावून पाहिलं. तळाशी, प्लगच्या पांढऱ्या मानेला चिकटून, एक दाणा होता. तांदळाचा. कुंकवाने लाल झालेला.

लतिकाने तो ओळखला.

दसरा. सगळीकडे गाडीची पूजा करतात, बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकापुढे नारळ फोडतात. ती दर वर्षी तेवढंच करायची. या वर्षी आदल्या दिवशीच्या कीर्तनात हेमलताताईंनी निरूपण केलं होतं, ज्याच्या पाठीवर बसून संकट ओलांडलं त्याला विसरू नये, आणि लतिकाच्या डोळ्यांसमोर ही गाडीच आली होती. मे महिन्यापासून हॉस्पिटलात नेणारी, आणणारी. वरवर हार घालून कसं भागेल? म्हणून तिने बॉनेट उघडायला लावलं. जयंतने वरचं प्लास्टिकचं झाकण काढून दिलं, "हे बघ, हिचं हृदय," म्हणाला. तिने त्या हृदयावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, खोबऱ्याची खिरापत ठेवली, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी डोळे मिटून, नाव घेत, धारेने वर सोडलं. आख्खं. कॉइलच्या वरची रबरं वयाने तडकलेली होती, हे तिला कोण सांगणार?

"काय झालं?" फोनमधून जयंत. "लतिका?"

तिला वाटलं, सांगू नये. दाणा काढावा, चुरडावा, फेकून द्यावा. सोमवार निघून जाऊ दे. मग अंडरपासमधला तो रुमाल आठवला, मास्कवर दाबलेला.

"मीच बंद पाडली गाडी," ती म्हणाली. "दसऱ्याला. नारळाचं पाणी आत गेलंय. अक्षता आहे प्लगपाशी."

तिने मान वर केली नाही.

"झाकण मी काढून दिलं होतं," जयंत म्हणाला.

"पाणी मी घातलं."

"मग आता काय, अर्धं अर्धं? किडनीसारखं?" तो थांबला. "देवाला वाटलं असेल, बाई, ते पाणी तुमच्या पेशंटला पाजा, मला गाडीत कशाला."

तिला हसू आलं नाही. पण हात हलले.

घरात सर्जिकल स्पिरिटला तोटा नव्हता, आणि वातींना तर नव्हताच. तिने वर जाऊन दोन्ही आणलं. कापसाच्या लांब वाती विणायच्या सुईला गुंडाळल्या, स्पिरिटमध्ये भिजवल्या आणि त्या भोकाच्या भिंती पुसायला लागली. पहिली वात गुळासारखी तपकिरी होऊन आली. दुसरी, तिसरी. निरांजनासाठी रोज सकाळी वळलेल्या वाती. दाणा शेवटी आला, वातीच्या टोकाला चिकटून. तिने तो रुमालाच्या गाठीत बांधला. फेकायचं धैर्य झालं नाही, ठेवायचंही नव्हतं. कॉइलची नळी पुसून पुसून काळी कुळकुळीत केली. बाकीच्या तिन्ही कॉइलही काढून पाहिल्या; दुसऱ्या भोकात थोडा डाग होता, तोही पुसला. मग सगळं उघडं ठेवून ती गाडीला टेकून उभी राहिली. स्पिरिट पूर्ण उडून गेल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, जयंतने तीनतीनदा बजावलं होतं. "सुकू दे. ठिणगी आणि स्पिरिट. तू तिथे वाकलेली असशील."

पार्किंगमधून जाणारे थांबून बघत होते. "आंटी, मैकेनिक बुला दूँ?" गेटवरच्या गार्डने विचारलं.

"छठ पे गया है."

"अच्छा, हाँ. सब गए हैं. मैं ही रह गया," तो म्हणाला आणि गेटकडे परत गेला.

जोडणी झाली. किल्ली फिरवताना तिने डोळे मिटले, आणि मिटलेलेच ठेवले. इंजिन लागलं. लंगडणं नव्हतं. रेस दिली तर आवाज एकसंध वर चढला, पेटीचा भाता पूर्ण उघडल्यासारखा. वर जयंत काचेवर बोटांनी ठेका धरायला लागला होता.

मग तिने रेसवरून पाय काढला, आणि काटा खाली घसरला. वर आला. खाली. पुन्हा वर. गाडी झोपेत दचकणाऱ्या पोरासारखी करत होती. काट्याच्या एका खोल उतरणीला ती आचका देऊन बंद पडली.

लतिका सीटवर तशीच बसून राहिली. अंडरपासमध्ये अगदी असंच झालं होतं. पुढची बस थांबली, पाय ब्रेकवर आला, आणि काटा असाच बुडाला.

"अजून काहीतरी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की जयंतने दोनदा विचारलं. "मिसिंग गेलं. पण उभी राहिली की मरतेय. चालताना नाही, थांबली की. मला नाही जमणार हे. मी घेऊन जाणार नाही तुम्हाला त्या भुयारात."

"टॅक्सी नको म्हणालीस."

"नकोच."

"मग वर ये, जेव, आणि परत जा."

"जेवण जाणार आहे का मला?"

"मला जाणार आहे. गोळ्या पोटभर जेवूनच घ्यायच्या असतात."

ती वर गेली, त्याला वरणभात वाढला, समोर बसून राहिली. टीपॉयवर रोजचं बीपी बघायचं यंत्र होतं, हवा भरायचं जुन्या पद्धतीचं, आणि त्याशेजारी स्टेथोस्कोप. जयंत घास चावता चावता त्याच्याकडे बघत होता.

"व्हिडिओत तो माणूस म्हणत होता," जयंत म्हणाला, "इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढत असेल तर उभ्याने काटा असा नाचतो. पाइप कानाला लावून शोधतात. सुसकारा ऐकू येतो."

तिने स्टेथोस्कोपची पुढची चकती काढली. राहिली नुसती नळी आणि कानात घालायच्या दोन बोंड्या.

या वेळी इंजिन चालू ठेवून वाकायचं होतं. इशिताला फोनवर सांगितलं तर ती आधी नाहीच म्हणाली, मग म्हणाली, "हात पट्ट्याच्या साइडला नेऊ नको. बिल्कुल नाही. नळी सोडून काही आत जायला नको." एका हाताने लतिकाने बॉनेटची कड घट्ट धरली. फॅन मध्येच घरघरत सुरू झाला आणि ती एवढ्या जोरात मागे झाली की डोकं बॉनेटवर आपटलं. वरून जयंतने काच वाजवली. तिने हात हलवून दाखवला, काही नाही, काही नाही. पुन्हा वाकली. जिथे रेसची तार येते तिथे नळी नेली, घरघर. मागच्या बाजूला नेली, घरघर. इंजिनाच्या मागे, पुढच्या काचेच्या खालच्या पन्हळीजवळ, बोटाएवढ्या जाड रबरी नळीपाशी तिच्या कानात सापासारखं काहीतरी फुत्कारलं.

तिने गाडी बंद केली आणि दिवा धरला. नळीचं टोक दातांनी कुरतडलेलं होतं. बारीक, शेजारी शेजारी पडलेल्या खुणा. खाली पन्हळीत काळ्या लेंड्या, आणि त्यांच्यात वाळून पिवळं पडलेलं, साखरेने चिकटलेलं खोबरं.

खिरापत. उंदरांनी प्रसाद घेतला होता आणि नंतर तोंड पुसायला नळी.

या वेळी ती हसली. भीती तशीच होती, छातीत दगड ठेवल्यासारखी, पण त्या दगडाच्या कडेकडेने हसू फुटलं. फोनमध्ये तिने सांगितलं तेव्हा जयंत म्हणाला, "ताईंना सांग, श्रोते इंजिनापर्यंत आलेत."

नळीला थोडी ढील होती. स्वयंपाकघरातल्या कात्रीने तिने कुरतडलेलं टोक छाटलं, नळी ओढून पुन्हा चढवली, क्लिप सरकवली. खोबऱ्याचा कण न् कण वेचून काढला. लेंड्या हातमोजे घालून, मास्क लावून, पुसून बाहेर. मग डेटॉलने हात, मग अंघोळ, मगच ती घरात वावरली. या घरात उंदीर हा शब्दसुद्धा धुऊन आत यायचा.

संध्याकाळी तिने सोसायटीतच गाडी फिरवली. थांबव, चालव, थांबव, चालव. काटा एका जागी उभा होता. शंभूला फोटो पाठवले. त्याचा निरोप आला: "चल जाएगी भाभीजी. वापस आके रबर बदल दूँगा."

चल जाएगी. तिला तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले आणि प्रत्येक वेळी विश्वास थोडा कमी झाला.

सोमवारी निघताना तिने गाडीला नमस्कार केला, बॉनेट न उघडता. जयंत मागे बसला. गोळी घेतलेली नव्हती, ती डबीत होती, रक्त दिल्यावर घ्यायची. अंडरपासचं तोंड दिसलं तेव्हा तिने मनाशी म्हटलं, आज मोकळा असू दे. मोकळा नव्हता. मधोमध पोचल्यावर लाल दिव्यांची रांग पेटली, आणि पुढची मोटार थांबली.

तिचा उजवा पाय आपोआप रेसकडे गेला.

"पाय काढ," मागून जयंत.

"बंद पडेल."

"पडली तर पडली. आत्ता कळू दे. पाय काढ."

तिने पाय काढला. मागे पुन्हा ट्रक होता. वरच्या पिवळ्या दिव्यांत धूर तरंगताना दिसत होता. आरशात जयंतने रुमाल काढलेला नव्हता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं हलत होती. ठेका. गाडी त्या ठेक्याखाली तंबोऱ्यासारखी अखंड वाजत होती. लतिका श्वास रोखून ऐकत होती, कुठे उणं पडतंय का, कुठे मात्रा गेली का. रांग हलेना. ट्रकने हॉर्न दिला. काटा हलला नाही. किती वेळ गेला देव जाणे. मग मोटार सरकली, आणि तिच्या मागोमाग तीही.

हॉस्पिटलच्या तळघरात गाडी लावली. पावती देणारा माणूस काचेवर वाकला. "मैडम, इंजन बंद कीजिए."

तिचा हात किल्लीवर होता. फिरवायला धजत नव्हता. बंद केली आणि लागलीच नाही तर? ठेवून घेतलं त्यांना, आणि आपण एकट्याच परत निघालो, त्या भुयारातून?

"बंद कर लतिका," जयंत म्हणाला. "वर वाट बघतायत."

तिने किल्ली फिरवली. शांतता झाली. तिला वाटलं, आपणच थांबलो.

रक्त झालं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर ती दोघं बसली होती, एक खुर्ची मध्ये सोडून, तिथे तसंच बसायचं असतं. लतिकाने पर्समध्ये हात घातला तर रुमालाची गाठ हाताला लागली. दाणा अजून होता. ती गाठीवरच हात ठेवून बसली. आत बोलावलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मागचा कागद पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

"वाढलेला नाही," ते म्हणाले. "उतरलाही नाही. औषध थोडं बदलतो. आज घरी जा. गुरुवारी पुन्हा या."

"गुरुवारी," लतिका म्हणाली.

"काही अडचण?"

"नाही. गाडी आहे."

तळघरात दुपारचा गारवा होता. जयंत मागे बसला, दार लावलं, मास्क नीट केला. तिने किल्ली फिरवली. एक कण्हणं, आणि इंजिन लागलं.

"चल," जयंत म्हणाला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."